गाण्याएवढी खोली

हिंदी चित्रपटातली माणसे ऊठसूट गाणी का म्हणतात, हा प्रश्न आपल्याकडच्या शहाण्या माणसांना बोलपट सुरू झाल्यापासून छळतो आहे. बागेत गाणे, गच्चीवर गाणे, टांग्यात गाणे, आणि मोटार बंद पडली तरी गाणेच! वाद्यवृंद कुठल्या झुडपात दडून बसलेला असतो, पाऊस नेमका दुसऱ्या कडव्याला कसा येतो, नायिकेची साडी कडव्यागणिक कशी बदलते, असल्या शंका काढून आपण पुष्कळ हसलो आहोत. मीही हसले आहे. पण महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या बाईचे नुसते हसून भागत नाही. १८८२ साली ज्यांनी 'संगीत सौभद्र' डोक्यावर घेतले, त्यांचीच आपण पतवंडे. मोठ्या भावाने ठरवलेले लग्न, धाकट्याने लढवलेली युक्ती आणि घरातच येऊन राहिलेला खोटा संन्यासी! हिंदीतल्या पन्नास प्रेमकथांचे सामान अण्णासाहेब किर्लोस्करांनी आधीच एका नाटकात भरून ठेवले होते, आणि तेही गाण्यांसकट. तेव्हा हिंदी नायकाला गाण्यावरून हसण्याचा अधिकार आपल्याला जरा कमीच.

मग ही माणसे गातात का? माझे उत्तर साधे आहे. ती गातात, कारण त्यांना बोलायला जागा नाही.

'जागा' हा शब्द मी अगदी घरमालकाच्या अर्थाने वापरते आहे. चार भिंती, एक दार आणि आतून लावायची कडी, एवढी जागा. आपल्या मध्यमवर्गीय घरांत देवाला जागा होती, लोणच्याच्या बरण्यांना होती, आल्यागेल्या पाहुण्याला होती. नव्या नवराबायकोने दोन शब्द बोलावेत, यासाठी मात्र नव्हती. कोकणातली घरे तशी ऐसपैस. पण ओटीवर मामंजी, माजघरात सासूबाई आणि पडवीत आतेसासूबाई! मुंबईच्या चाळीत तर प्रश्नच मिटला. लग्नाआधीची गोष्ट आणखी कठीण. पोह्यांच्या बशीआडून काय दिसेल तेवढेच दर्शन.

अशा समाजाला दोन माणसांचे एकांतातले बोलणे दाखवायचे, तर ते कुठे दाखवणार? हिंदी चित्रपटाने त्यासाठी गाण्याची खोली बांधली. तीन-साडेतीन मिनिटांची, जुन्या तबकडीच्या एका बाजूवर मावेल एवढी खोली. तिला भाडे नाही, पागडी नाही. तीत शिरले की सासू ऐकत नाही, शेजार डोकावत नाही, आणि जे गद्यात ओठावर यायचे नाही ते पद्यात सहज येते. शोकांतिकेतली माणसे गाण्यात रडतात. ती एरवीही रडलीच असती. विनोदी प्रेमकथेतली माणसे मात्र गाण्यात भेटतात, आणि गाणे संपले की पुन्हा बापाच्या, चाळीच्या नाहीतर हपिसाच्या तावडीत सापडतात. आपल्याला हसू येते ते या धावपळीचे.

रंगूनचा टेलिफोन

रत्नागिरीच्या माणसाला ब्रह्मदेश परका नाही. इंग्रजांनी पदच्युत केलेला थिबा राजा १८८६ साली इथे आणून ठेवला. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा पुरा झाला आणि १९१६ साली तो इथेच वारला. ब्रह्मदेश म्हटले की ताटातूट, असा आमच्या गावचा जुना हिशेब आहे. म्हणून 'पतंगा' (१९४९) या चित्रपटातले ते प्रसिद्ध टेलिफोनचे गाणे ऐकताना मला नेहमी एक निराळीच गंमत वाटते. रंगमंचावर गोप आणि निगार सुलताना. नवरा रंगूनला, बायको देहरादूनला आणि मधे टेलिफोनची तार. तिचा आवाज शमशाद बेगमचा आणि त्याचा खुद्द संगीतकार सी. रामचंद्र यांचा, गाताना ते 'चितळकर' हे नाव लावीत. केवढी ताटातूट, पण तिचे हसू करून टाकले आहे!

हे गाणे कोकणात आवडावे यात नवल नाही. इथल्या किती घरांत नवरा मुंबईला आणि बायको गावी असा संसार झाला. मनिऑर्डरच्या फॉर्मवर दोन ओळी लिहिण्यापुरती जागा असे. पुष्कळ घरांत त्या ओळी पोस्टमनच वाचून दाखवी, आणि ऐकायला ओटीवर सासरेही हजर असत. बायकोला लिहिलेला मजकूर सगळ्या घराने ऐकायचा! मग लिहिणारा बापडा 'सर्व खुशाल, म्हशीची काळजी घेणे' यापलीकडे काय लिहिणार? पडद्यावरची ती दोघे टेलिफोनवर मनमुराद बोलली, तेव्हा असल्या कितीजणींच्या वतीने बोलून गेली असतील.

पुणतांब्याला १९१८ साली जन्मलेल्या या रामचंद्र नरहर चितळकरांनी दोनच वर्षांनी 'अलबेला' (१९५१) चे संगीत केले. आणि तिथे त्यांना जोडीदार मिळाला तो भगवान. भगवान आबाजी पालव! पालव हे आडनाव ऐकले की कोकणातला माणूस कान टवकारतोच. गिरणी कामगाराचा हा मुलगा मारामारीचे स्वस्त चित्रपट काढण्यात तरबेज. ठेंगणा, गोल बांध्याचा, नायकाला शोभेल असे चेहऱ्यावर काही नाही. त्याने 'अलबेला' स्वतः दिग्दर्शित केला आणि गीता बालीसमोर नायक म्हणून स्वतःच उभा राहिला. गोष्ट तुमच्याआमच्या ओळखीची: गरीब घर, नाटकाच्या नादी लागलेला मुलगा, वैतागलेला बाप. मुलगा घर सोडतो आणि रंगभूमीवर नाव काढतो.

भगवानचे नृत्य कधी नीट पाहा. खांदे किंचित उडवायचे, हात हलकेच झुलवायचे, दोन पावले पुढे, दोन मागे. कसरत नाही, गिरक्या नाहीत. ही पावले चाळीच्या गॅलरीत मावतात! शेजारणीच्या वाळत घातलेल्या पापडांना धक्का न लावता करता येईल असा हा नाच आहे. म्हणूनच तो गणपतीच्या मिरवणुकीत उतरला आणि लग्नाच्या वरातीत शिरला. सी. रामचंद्रांच्या ताफ्यात गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होते. त्यांच्या परदेशी वाद्यांवर लताबाईंचा आणि चितळकरांचा आवाज असा काही खेळला की विलायती ठेका आणि देशी लाज यांचे लग्न लागले. त्याच चित्रपटात लताबाईंच्या आवाजातली अंगाई आहे. धांगडधिंगा करणाऱ्याच माणसाने इतकी हळुवार चाल बांधावी, हे ऐकल्याशिवाय खरे वाटत नाही.

'अलबेला'ने भगवानला इतके दिले की जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला झाला, आठवड्याच्या वारांना पुरतील अशा सात मोटारी झाल्या. पुढे चित्रपट कोसळले, पैसा गेला, बंगला गेला, मोटारी गेल्या. शेवटची वर्षे दादरच्या चाळीत काढून २००२ साली तो गेला. गणपतीच्या मिरवणुका त्या चाळीपाशी थबकत आणि त्याचेच गाणे वाजवीत, असे सांगतात. पंचवीस खोल्या गेल्या. तीन मिनिटांची ती एक खोली मात्र कुणाला जप्त करता आली नाही.

माजघरातला रेडिओ

ही गाणी घरोघर पोचली कशी, ही कथाही मोठी मासलेवाईक आहे. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात नभोवाणीमंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांची गाढ श्रद्धा. चित्रगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी चित्रगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. बंदी घालणारा मराठी, आणि ज्यांची गाणी बंद झाली त्यांत लता, आशा, सी. रामचंद्र हे मराठी! घरातलेच भांडण म्हणायचे.

श्रोत्यांनी काय केले? रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. १९५२च्या अखेरीस तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री अमीन सायानींचा आवाज घराघरांत घुमू लागला. अखेर १९५७च्या ऑक्टोबरात 'विविध भारती' आली आणि गाणी सन्मानाने स्वदेशी परतली.

केसकरांचा हेतू वाईट नव्हता. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नसावी. रेडिओ असे माजघरात, फळीवर, वरून भरतकामाचा रुमाल घालून. ऐकायला सगळे घर बसलेले. सासरे सुपारी कातरताहेत, सासूबाई वाती वळताहेत, मुलगा वर्तमानपत्राआड, सून पोळ्या लाटते आहे. गाणे सर्वांनी ऐकले. पण दोघांनी ते निराळे ऐकले. कुणी कुणाकडे पाहिले नाही, एक शब्द बोलला गेला नाही, तरी निरोप पोचला. भर माणसांत दोघांपुरती भिंत घालणारे असे दुसरे साधन त्या काळी कुठले होते?

समोरासमोरची घरे

या खोलीचे सर्वांत देखणे बांधकाम मला विजय आनंद यांच्या 'तेरे घर के सामने' (१९६३) मध्ये दिसते. एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन बाप समोरासमोरचे भूखंड घेतात आणि दोघांची घरे बांधायला एकच वास्तुविशारद येतो: पहिल्याचा मुलगा आणि दुसऱ्याच्या मुलीचा प्रियकर! देव आनंद आणि नूतन. चित्रपटभर घरांचे नकाशे काढले जातात आणि ज्या दोघांसाठी घर हवे त्यांना भेटायला जागा नाही. मग ती दोघे कुतुबमिनारच्या जिन्यात गाणे गाठतात. खऱ्या मिनारातला जिना कॅमेऱ्याला अरुंद पडत होता, म्हणून तो स्टुडिओत उभारावा लागला. दुसऱ्या एका गाण्यात तर नायकाला हातातल्या ग्लासात इवलीशी नूतन दिसते. जागेच्या टंचाईची याहून पराकाष्ठा कोणती? सचिन देव बर्मन यांच्या चाली इतक्या हलक्या पावलांच्या आहेत की भांडखोर बापांना त्या ऐकूच येत नाहीत.

शोभना समर्थांची ही लेक, आपली नूतन, या चित्रपटात जशी हसते तसे हसणे पडद्यावर फार थोड्या नट्यांना जमले. ती लाजत नाही, मुरके मारीत नाही. थट्टेला थट्टेने उत्तर देते. आणि इथेच एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. त्या काळच्या सगळ्याच प्रेमकथा अशा नव्हत्या. पुष्कळ चित्रपटांत नायक तीन रिळे नायिकेचा पिच्छा पुरवतो, वाट अडवतो, ओढणी खेचतो. ती रागावते आणि चौथ्या रिळाला त्याच्या प्रेमात पडते. हे सारे सुंदर चालीत बांधलेले असल्यामुळे आपण मान डोलावीत पाहत आलो.

वर्गात एकदा विनोद या विषयावर बोलताना मी अशा एका चित्रपटाचा उल्लेख केला. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, त्या गाण्यात तिला 'नाही' म्हणायला जागा कुठे आहे?" ही मुलगी रोज एस. टी.ने पंधरा-वीस मैलांवरून कॉलेजात येणारी. वाट अडवणे म्हणजे काय, हे तिला चित्रपटावरून शिकायचे नव्हते. वर्ग गप्प झाला. तिचे म्हणणे सोळा आणे खरे होते, आणि गंमत अशी की शब्दही तिने 'जागा' हाच वापरला.

तेव्हापासून मी या गाण्यांना तिचीच कसोटी लावते. गाण्याच्या खोलीचे दार नायिकेलाही आतून उघडता येते की नाही? नूतनला येते. 'चलती का नाम गाडी' (१९५८) मध्ये रात्री-अपरात्री आपली बिघडलेली मोटार घेऊन गॅरेजात येणाऱ्या मधुबालाला येते. जिथे येत नाही तिथे चाल कितीही गोड असो, ती खोली नव्हे, कोंडवाडा आहे. या कसोटीला काही आवडती गाणी उतरत नाहीत, याचे वाईट वाटते. पण जी उतरतात ती पूर्वीपेक्षा अधिक आवडू लागतात.

नऊ माणसे आणि दोन खोल्या

आता जागेच्या प्रश्नाला थेट हात घालणाऱ्या चित्रपटाकडे येऊ. १९७० साली राजा ठाकूर यांनी 'मुंबईचा जावई' हा मराठी चित्रपट केला. गीते गदिमांची, संगीत सुधीर फडक्यांचे. त्याच कथेवर बासू चटर्जी यांनी १९७२ साली हिंदीत 'पिया का घर' काढला. मोठ्या घरात वाढलेली मुलगी लग्न होऊन मुंबईच्या चाळीत येते. घर माणसांनी भरलेले, माणसे प्रेमळ. पण नव्या जोडप्याला रात्री मिळते ते स्वयंपाकघर, आणि तिथेही कुणाला पाणी हवे असते, कुणाला आणखी काही. जया भादुरीचा तो कावराबावरा चेहरा ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत.

माझी मावशी १९६८ साली संगमेश्वर तालुक्यातल्या एका खेड्यातून गिरगावातल्या चाळीत सून म्हणून गेली. माहेरी अंगण, विहीर, मागे पोफळी. सासरी दोन खोल्या आणि नऊ माणसे. नवऱ्याशी तिचे दिवसभराचे बोलणे म्हणजे "डबा घेतलात ना?" एवढेच, तेही सर्वांदेखत. 'पिया का घर' लागला तेव्हा थोरल्या मुलाला सासूबाईंकडे ठेवून दोघे पाहायला गेली. मावशी आज ऐंशीच्या घरात आहे, पण ती संध्याकाळ तिला लख्ख आठवते. "अख्खं थेटर हसत होतं," ती सांगते. "मीसुद्धा पोट धरून हसत होते. हसता हसता यांच्याकडे बघितलं, तर यांच्या डोळ्यांतून पाणी. मला कळेचना! बाहेर पडल्यावर घरी न जाता चौपाटीपर्यंत चालत गेलो. चार वर्षांत पहिल्यांदा एवढं बोललो असू. मला किती अडचण होते ते यांना सगळं ठाऊक होतं गं. फक्त बोलायला सापडत नव्हतं."

करमणुकीचे चित्रपट उथळ असतात, असे माझे काही विद्वान सहकारी म्हणतात. मी वाद घालीत नाही. मावशीची ही हकीकत सांगते.

गाणे मनात शिरले

हेच बासू चटर्जी पूर्वी 'ब्लिट्झ' साप्ताहिकात व्यंगचित्रे काढीत. त्यामुळे चार रेषांत माणूस उभा करण्याची त्यांना सवय. 'रजनीगंधा' (१९७४) आणि 'छोटी सी बात' (१९७६) मध्ये त्यांनी अमोल पालेकरांना उभे केले आणि हिंदी नायकाचा दरारा कायमचा उतरवला. पालेकर मूळचे चित्रकार, त्यात काही वर्षे बँकेत नोकरी केलेले. 'छोटी सी बात'मधला अरुण बसथांब्यावर रोज प्रभाला पाहतो आणि रोज न बोलता बस पकडतो. अखेर बोलायला शिकण्यासाठी त्याला खंडाळ्याला एका कर्नलसाहेबांची शिकवणी लावावी लागते. ते काम अशोककुमारांनी काय बहारीचे केले आहे! मूळ कल्पना 'स्कूल फॉर स्काउंड्रल्स' (१९६०) या इंग्रजी चित्रपटातली. पण बसथांबा, हपीस आणि संकोच अस्सल मुंबईचे आहेत.

या चित्रपटांत गाण्याने जागा बदलली. आता नायक-नायिका ओठ हलवीत नाहीत. सलील चौधरींच्या चाली मागे कुठेतरी वाजतात. 'रजनीगंधा'त टॅक्सीत नायिका जुन्या मित्राशेजारी बसली आहे. दोघे गप्प. वाऱ्याने तिचा पदर त्याच्या हातावर उडतो. आणि तिच्या मनातली घालमेल मुकेशच्या आवाजात ऐकू येते. बाईचे मन पुरुषाच्या आवाजात! तरी कुणालाही ते खटकले नाही, उलट त्या गाण्याने मुकेशना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. 'छोटी सी बात'मध्ये अरुण चित्रपटगृहात बसतो. पडद्यावर धर्मेंद्र आणि हेमा मालिनी गाताहेत; पाहता पाहता त्यांच्या जागी त्याला तो स्वतः आणि प्रभा दिसू लागतात. आपण सारे प्रेक्षक इतकी वर्षे अंधारात बसून काय करीत होतो, ते बासूदांनी एका गाण्यात दाखवून दिले.

शेवटी बोलणे आले

या वाटेचे शेवटचे ठिकाण मी सई परांजपे यांच्या 'कथा' (१९८३) ला मानते. सईबाईंचे आजोबा, रँग्लर परांजपे, आमच्या जिल्ह्यातल्या दापोली तालुक्याच्या मुर्डी गावचे. तेव्हा थोडा अभिमान क्षम्य समजावा. 'चश्मे बद्दूर' (१९८१) मध्ये त्यांनी बागेत गाणाऱ्या जोडप्यांची मनसोक्त थट्टा केली होती. 'कथा' मात्र 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरून आलेली, चाळीतलीच गोष्ट. राजाराम हा नसीरुद्दीन शहांचा कासव: कष्टाळू, लाजाळू, मनातले ओठांवर न येणारा. बाशू हा फारूक शेखचा ससा: गोडबोल्या, लफंगा. संध्या म्हणजे दीप्ती नवल. संध्या सशाला भुलते. ससा तिला फसवून पळतो. मग संध्या जे घडले ते राजारामपासून लपवीत नाही, आणि राजाराम तिचा हात सोडीत नाही.

चाळ तीच, भिंतीही त्याच कागदासारख्या. पण या दोघांना जे सर्वांत अवघड ते बोलायचे होते, ते ती गाण्याशिवाय बोलली. मला वाटते, पन्नास वर्षे गाण्याच्या खोलीत चोरून भेटणाऱ्या माणसांना एवढे धैर्य कुठून आले असेल, तर ते त्या गाण्यांतूनच. आधी गुणगुणायला शिकली, मग बोलायला.

आता घरांना खोल्या झाल्या आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात रंगूनपर्यंत पोचणारा टेलिफोन आहे. तरीही दिवाळीच्या सुट्टीत फराळाचे डबे उघडून सगळे घर एकत्र बसले की यांतला एखादा चित्रपट जरूर लावावा. लहानांना मजा वाटेल, वडिलांना जुने दिवस आठवतील. फक्त एक पथ्य पाळावे. घरात नवे जोडपे असेल तर त्यांना मागच्या बाजूला बसू द्यावे. आणि गाणे सुरू झाले की वडीलधाऱ्यांनी चहा टाकायच्या निमित्ताने उठून आत जावे. साडेतीन मिनिटांत आधण येत नाही, हे सर्वांनाच ठाऊक असते.